माळ्यावरचा मारिओ: पुण्यात जुने व्हिडिओ गेम जमवायचे तर सुरुवात कुठून करायची

जुने व्हिडिओ गेम जमवायचेत असं एकदा डोक्यात आलं की हात आधी मोबाईलकडे जातो आणि आपण ऑनलाईन भाव बघत बसतो, तर ते करू नका, निदान पहिले दोन महिने तरी नको. आधी स्वतःच्या घरातला माळा बघा. मग आत्याचा, मग मामाचा, मग त्या मित्राचा ज्याच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण सगळे दुपारभर पडीक असायचो. माझ्याकडचा पहिला सेट मला सहकारनगरच्या आत्याकडे मिळाला, फराळाच्या पिंपाच्या मागे एका जुन्या सुटकेसमध्ये, दोन रिमोट, एक बंदूक, गेमच्या चार कॅसेटी, आणि त्यातल्या एका कॅसेटीवर बॉलपेनने लिहिलेलं "ही कोणाला देऊ नये". आत्येभावाचं अक्षर. मी त्याला फोटो पाठवला तर त्याने ऑफिसातून लगेच फोन केला आणि पाऊण तास आम्ही फक्त कॉन्ट्रा या गेममधल्या धबधब्याच्या स्टेजबद्दल बोललो, म्हणजे वर चढताना एकजण भराभर पुढे गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो, त्यावरून आमची झालेली भांडणं वगैरे.

हे सांगतोय कारण संग्रह कशाचा करायचा हा प्रश्न इथेच सुटतो. बाजीराव रोडजवळचं राजा केळकर म्युझियम बघितलंय ना सगळ्यांनी, शाळेच्या ट्रिपला तरी. काका केळकरांनी तिथे काय जमवलं, अडकित्ते, दिवे, भांडी, दारं, वज्री, म्हणजे लोकांच्या घरात रोज वापरल्या जाणाऱ्या वस्तू. त्या वस्तू त्या काळी कोणाला म्युझियममध्ये ठेवण्यासारख्या वाटत नसणार. आपले व्हिडिओ गेम आज बरोबर त्या जागी आहेत असं मला मनापासून वाटतं. अमेरिकन किंवा जपानी कलेक्टर जे जमवतात ते बघून आपण त्यांच्या याद्या कॉपी करायच्या नाहीत, आपल्याकडे जे खेळलं गेलं ते आधी जमवायचं.

आणि आपल्याकडे काय खेळलं गेलं? निन्टेंडोने जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला टीव्हीला जोडायचा फॅमिकॉम हा सेट काढला, १९८५ मध्ये तोच अमेरिकेत एनईएस नावाने गेला. आपल्या घरात मात्र बहुतेक ठिकाणी आली ती त्याची नक्कल, ज्याला कलेक्टर लोक क्लोन म्हणतात, मीडिया, टर्मिनेटर अशी नावं असलेले खोके. आतलं डोकं फॅमिकॉमचं, बाहेरून कधी फॅमिकॉमसारखं, कधी सेगासारखं तर कधी चक्क प्लेस्टेशनसारखं दिसणारं प्लास्टिक. ओरिजिनल नाही म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतील तुम्हाला. त्यांचं ऐकू नका. पुण्यातल्या मुलांनी मारिओ ज्याच्यावर खेळला ते मशीन हे आहे आणि ते आता भराभर भंगारात चाललंय.

सुरुवातीला एकच दिशा धरा म्हणजे घर भरत नाही आणि पैसेही जात नाहीत. कॅसेटवाले गेम ही एक दिशा. दुसरी जुन्या कॉम्प्युटरच्या गेमची, डेंजरस डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया, रोड रॅश, यांच्या फ्लॉपी, सीड्या, आणि रद्दीत मिळणाऱ्या डिजिटसारख्या मासिकांबरोबर आलेल्या सीड्या, त्यात गेमचे डेमो असायचे. तिसरी हातात धरायच्या गेमची, म्हणजे तो राखाडी ब्रिक गेम ज्यावर कार आणि ठोकळे असायचे तो, आणि ज्यांच्याकडे परदेशातून कोणीतरी आणला त्यांचा गेम बॉय. चौथी प्लेस्टेशन एक आणि दोनची. यात एक उपविषय फार छान आहे, भारतात तयार झालेल्या पीएस टूच्या डिस्क. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' २००९ मध्ये आला, त्याच सुमारास 'देसी अड्डा' आला ज्यात कबड्डी आणि विटीदांडूसारखे खेळ होते. गेम म्हणून हनुमान फार ग्रेट नाहीये, खेळून बघितलाय मी, पण आपल्याकडच्या लोकांनी होम कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या घरच्या मशीनसाठी केलेल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी तो एक आहे आणि तो बॉक्स, ती पुस्तिका, सगळं धरून कोणीतरी जपायला हवं.

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मशीनच्या नादाला मात्र सुरुवातीला लागू नका. जागा खातात, दुरुस्ती अवघड. मुस्तफा आठवतो ना सगळ्यांना, त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा गेम, पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाच्या नावानेच आपण त्याला ओळखायचो. तो पार्लरचा गेम घरच्या कन्सोलवर कधी आलाच नाही, म्हणून त्याच्या मूळ बोर्डाची किंमत कलेक्टरांमध्ये भलतीच असते. तो बघायचा, खेळायचा, घरी आणायचा नाही, असं मी स्वतःसाठी ठरवलंय.

आता पुण्यात हे मिळतं कुठे. सगळ्यात चांगला सीझन म्हणजे दिवाळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे, घराघरात साफसफाई निघते आणि माळे खाली होतात. सोसायटीच्या ग्रुपवर आधीच साधा मेसेज टाकून ठेवा की जुना व्हिडिओ गेम, कॅसेट, रिमोट, बंद पडलेलं असलं तरी चालेल, टाकून देऊ नका, मी येऊन घेऊन जातो. "बंद पडलेलं चालेल" हे लिहाच, कारण लोकांना वाटतं बिघडलेलं काय द्यायचं आणि ते सरळ भंगारवाल्याकडे जातं. दुसरं म्हणजे रीडेव्हलपमेंटला चाललेल्या सोसायट्या. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर इथल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या बिल्डिंग रिकाम्या होताना लोक कुठे भाड्याने जाणार असतात, त्यांना सामान कमी करायचं असतं, आणि तेव्हाच १९९५ ची सुटकेस उघडली जाते. ओळखीतून जा, घाई करू नका, काकूंनी चहा दिला तर प्या, आणि किंमत त्यांना सांगू द्या. एखादी वस्तू महागडी निघाली तर तसं सांगून टाका, मी तरी सांगतो, कारण पुढच्या वेळी त्याच काकू तुमचं नाव त्यांच्या बहिणीला देतात.

मग जुना बाजार, मंगळवार पेठेतला, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. रविवारी गर्दी जास्त पण मालही जास्त. सकाळी लवकर जा, उन्हात प्लास्टिक आणि माणूस दोन्ही तापतात. तिथे व्हिडिओ गेमचा वेगळा स्टॉल वगैरे शोधू नका, नळाच्या तोट्या, घड्याळं, चार्जर, स्पॅनर यांच्या ढिगात एखादा रिमोट दिसतो, तो उचलून विचारायचं याचा खोका आहे का, कॅसेट आहे का, आणि मग तो माणूस मागच्या पोत्यातून काढतो. ढीग एकदम उपसायचा नाही, विचारून हात लावायचा. घासाघीस करा पण पन्नास रुपयांसाठी माणसाला रडवू नका. सुट्टे भाग, पिना, वायरी, अडाप्टर, सोल्डरिंगचं सामान हे बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं, आणि तिथे अजून असे जुने मेकॅनिक आहेत ज्यांनी नव्वदच्या दशकात हे सेट पोत्याने दुरुस्त केलेत, त्यांच्याशी बोला, त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठे लिहिलेलं नाही.

बाजारात जाताना खिशात तीन गोष्टी ठेवा, छोटा टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि एक रिकामी झिप पिशवी. कॅसेट हातात घेतली की तोंडाकडून टॉर्च मारून आतल्या सोनेरी पट्ट्या बघा. काळपट असतील तर काही नाही, साफ होतात, हिरवं चढलेलं असेल आणि पट्टी खाल्लेली दिसत असेल तर सोडून द्या. आपल्या क्लोनच्या आणि जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकन एनईएसच्या कॅसेटला ७२, म्हणजे कोणी अमेरिकेतून आणलेली मोठी राखाडी कॅसेट आपल्या सेटमध्ये जात नाही, पण जपानी छोट्या रंगीत कॅसेटी बहुतेक वेळा आरामात चालतात. सेलवर चालणारं काही घेताना सेलचा कप्पा उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्रिक गेममध्ये वीस वर्षं विसरलेले सेल फुटून स्प्रिंग पांढरी-हिरवी झालेली असते. थोडं असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाने निघतं, आतल्या बोर्डापर्यंत गेलं असेल तर अवघड.

कॅसेट उघडता आली तर आत काय आहे ते बघायला मजा येते. त्या "९९९९ इन १" वाल्या कॅसेटीत बहुतेक वेळा वेगळी चिपसुद्धा दिसत नाही, हिरव्या बोर्डावर एक काळा डांबराच्या थेंबासारखा गोळा असतो, त्याखाली सिलिकॉनचा तुकडा. आणि गेम मोजून बघितले तर मूठभरच निघतात, तेच ते वेगळ्या नावाने आणि वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे. लहानपणी याची फसवणूक वाटली होती. आता मला त्या मेनूची गाणी आणि ती नावं बघायलाच ती कॅसेट लावावीशी वाटते. प्रत्येकाचा मेनू वेगळा असतो, त्याचे फोटो काढून ठेवा.

अडाप्टरबद्दल जरा थांबून वाचा, कारण इथे बऱ्याच वस्तू मरतात. अडाप्टरवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात, व्होल्ट, अँपिअर आणि पिनेच्या आत प्लस आहे की मायनस त्याचं गोल चित्र. ओरिजिनल फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो आणि पिनेच्या आत मायनस असतो. क्लोन बहुतेक ९ व्होल्टवर चालतात पण आत-बाहेर प्लस-मायनस प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, त्यामुळे खोक्याच्या मागचं चित्र आणि अडाप्टरवरचं चित्र जुळल्याशिवाय लावायचं नाही, पिन बसतेय म्हणजे चालेल असं समजायचं नाही. मल्टिमीटर घ्या, साधा चालतो. आणि जपान किंवा अमेरिकेहून आलेल्या सेटला आपला २३० व्होल्ट सरळ देऊ नका. जपानमध्ये १०० व्होल्ट असतात. माझ्याकडे एका ओळखीच्यांनी दिलेला जपानी पीएस टू होता, वायर आपल्या सॉकेटमध्ये बसली, मी बटण दाबलं, एक फट् आवाज आला आणि संपलं. आतला पॉवर सप्लाय नंतर बदलला पण तो आवाज अजून आठवतो. अशा सेटला व्होल्ट कमी करणारा स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो तपकीर गल्लीत बनवूनही मिळतो.

साफसफाई. फुंकर मारणं बंद. हो, आपण सगळ्यांनी मारलीये आणि सेट चालूही व्हायचा, पण तो फुंकरीने नाही तर कॅसेट काढून परत लावल्यामुळे, पिना पुन्हा नीट टेकल्या म्हणून. फुंकरीतून ओल जाते आणि पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, ९९ टक्केवालं, कान साफ करायच्या कापसाच्या काडीला लावून पट्ट्यांवरून फिरवा, काडी काळी होते, नवी घ्या, पांढरी राहीपर्यंत करा, मग दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. खोडरबर अगदीच हट्टी डागाला, हलक्या हाताने, कारण सोन्याचा थर पातळ असतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काही लावू नका, प्लास्टिक विरघळतं. डिस्क पुसताना गोल गोल नाही, मधून बाहेर सरळ.

पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर ती घाण नसते, प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून घातलेल्या ब्रोमीनच्या रसायनांवर ऊन-उष्णतेचा परिणाम होऊन रंग बदलतो, कितीही घासलं तरी जाणार नाही. लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात आणि रंग परत येतो, पण डाग पडू शकतात आणि काही वर्षांनी पुन्हा पिवळंही पडू शकतं. मी माझे पिवळेच ठेवलेत. त्या आत्येभावाच्या सेटवर चहाच्या कपाचा एक गोल डाग आहे तोही काढलेला नाही.

टीव्ही. शक्य असेल तर एक डबा टीव्ही, म्हणजे जुना पिक्चर ट्यूबवाला, जपून ठेवा, चौदा इंची पुरे. बंदुकीचा गेम, म्हणजे डक हंट, नव्या एलईडी टीव्हीवर चालतच नाही आणि यात टीव्हीचा दोष नाही. तुम्ही घोडा ओढता तेव्हा स्क्रीन क्षणभर काळी होते आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो, त्याला त्या नेमक्या क्षणी आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर बदक पडतं. म्हणजे बंदुकीतून काही सुटत नाही, टीव्हीच बंदुकीत सुटतो. आधी काळी स्क्रीन यासाठी की बंदूक बल्बकडे धरून कोणी फसवू नये. एलईडीवर चित्र थोडं उशिरा येतं आणि डब्या टीव्हीसारखं ओळीओळीने रेखाटलंही जात नाही, त्यामुळे हिशोब चुकतो. मारिओमध्येही हा उशीर जाणवतो, उडी मारायला बटण दाबतो आणि तो खड्ड्यात. नवा टीव्हीच असेल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, त्याने थोडा फरक पडतो.

वायर जोडताना अँटेनाच्या भोकापेक्षा पिवळ्या-पांढऱ्या एव्ही पिना वापरा, चित्र स्वच्छ येतं. जपानी किंवा अमेरिकन सेट लावल्यावर चित्र काळंपांढरं आलं तर घाबरू नका, सेट बिघडलेला नाही, टीव्हीवर रंग दाखवायची आपली पद्धत पाल आणि त्यांची एनटीएससी, टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टीम ऑटोवर टाकून बघा. आणि डबा टीव्ही स्वतः उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही, पिक्चर ट्यूबच्या मागे हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. ते मेकॅनिकचं काम.

बनावट मालाचं थोडक्यात सांगतो. क्लोन हा क्लोन म्हणूनच विकला जातो, त्यात फसवणूक नाही, पण गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेटी ओरिजिनल सांगून विकतात त्यात मी एकदा ऑनलाईन फसलोय. ओरिजिनलच्या स्टिकरवर तिरका उजेड पाडला तर दाबून उमटवलेले दोन आकडे दिसतात, छपाई कडेपर्यंत स्पष्ट असते, आणि बनावट कॅसेटचा राखाडीपणाच वेगळा दिसतो. विक्रेता आतला बोर्ड दाखवायला तयार नसेल तर घेऊ नका. ॲडव्हान्सच्या आधीच्या जुन्या कॅसेटीतला सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, उडत असेल तर मात्र ती लगेच खोटी समजू नका, आत नाण्यासारखी बॅटरी असते ती संपलेली असते, बदलता येते. पण बदलताना जुना सेव्ह जातो. कोणाच्या लहानपणीचा असेल तर आधी त्याला विचारा.

एवढं सगळं आणून काचेच्या कपाटात ठेवलं तर मला ते अर्धवट वाटतं. हे खेळायचं, आणि जरा सावकाश खेळायचं. सुपर मारिओ ब्रदर्स, सप्टेंबर १९८५, शिगेरू मियामोतो आणि त्यांची टीम. आख्खा गेम ४० किलोबाईटमध्ये. सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटो याच्यापेक्षा मोठा असतो. पहिली स्टेज लावा आणि वरचे ढग बघा, मग खालची झुडपं बघा, आकार एकच आहे, फक्त एकाला पांढरा रंग आणि एकाला हिरवा, कारण दुसरं चित्र ठेवायला जागा नव्हती. मग सुरुवातीचा एक मिनिट कोणाला तरी खेळायला द्या ज्याने कधी गेम खेळलेला नाही, मी आईला दिला होता. एक शब्द लिहिलेला नाही कुठे, पण समोरून तपकिरी प्राणी येतो, आपण घाबरून उडी मारतो, डोकं वरच्या ठोकळ्याला लागतं, मशरूम निघतं, ते पुढे जाऊन पाईपला आपटतं आणि परत आपल्याकडेच येतं, चुकवायला गेलं तरी बहुतेक वेळा अंगावर येतं आणि आपण मोठे होतो. शिकवलं आणि कळलंही नाही. आईने तिसऱ्या वेळी तो प्राणी मुद्दाम तुडवला आणि माझ्याकडे बघून हसली.

कॉन्ट्रा खेळताना गोळ्या आणि माणसं लुकलुकतात ते बघा. हा मशीनचा बिघाड नाही. फॅमिकॉमची चिप स्क्रीनच्या एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवू शकते, नववं आलं की ते गायब, म्हणून प्रोग्रॅमर दर फ्रेमला आळीपाळीने वेगवेगळी चित्रं वगळतात आणि आपल्याला ती लुकलुकताना दिसतात. हे कळल्यावर मी जास्त गर्दीच्या जागा मुद्दाम शोधायला लागलो. आणि आवाज. या मशीनला एकूण पाच आवाज मिळतात, दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी जो बहुतेक वेळा बास वाजवतो, एक खरखरीचा ज्यातून ढोल, आणि एक रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांचा. कोजी कोंडोंचं मारिओचं संगीत हेडफोनवर एकदा फक्त बासकडे लक्ष देऊन ऐका. आता गंमत अशी की आपल्याकडच्या बऱ्याच क्लोनमध्ये चौकोनी लहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे सूर तेच पण पोत वेगळा, जरा कर्कश किंवा जरा जाड. म्हणजे आपल्या कानात बसलेला मारिओ आणि जपानी मुलांच्या कानात बसलेला मारिओ यांचा आवाज तंतोतंत एक नाही. दोन सेट शेजारी ठेवून ऐकले तेव्हा अंगावर काटा आला. ओरिजिनल चुकीचा वाटला मला.

मर्यादेतून काय काय निघतं याची दोन उदाहरणं अजून. स्पेस इन्व्हेडर्स, १९७८, तोमोहिरो निशिकादो, त्यात शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगाने येतात, कारण मशीनला कमी चित्रं काढायला लागली की ते भराभर काढत सुटलं, आणि निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. आणि प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९, जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक फ्रेम रेखाटली. त्या हालचालींनी ॲपल टू या कॉम्प्युटरची मेमरी जवळजवळ संपली, नवा शत्रू काढायला जागाच उरली नाही. मग त्याने राजपुत्राचंच चित्र जरासं सरकवून स्वतःवरच एक्सऑर केलं, म्हणजे दोन्ही चित्रं जिथे वेगळी तेवढेच ठिपके ठेवले, आणि एक झगमगती सावली तयार झाली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारल्यावर जी बाहेर पडते ती. शेवटाकडे ती समोर येते तेव्हा काय करायचं हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू द्या.

एम्युलेटरबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, विचारतात सगळे. वापरा. ज्यांचं मशीन मिळणारच नाही, जसा मुस्तफा, त्याची ओळख तिथेच होणार. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या गेमचा अभ्यास केला तेव्हा २०१० च्या आधी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत असं निघालं. कायद्याच्या बाजूने मात्र नीट राहा, जे गेम आज कंपनी विकतेय ते विकत घ्या, इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईली पेन ड्राईव्हवर भरून विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका.

पुण्याचा पावसाळा हा कॅसेटींचा शत्रू. जून ते सप्टेंबर प्रत्येक कॅसेट झिप पिशवीत, डबा हवाबंद, आत सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यातल्या साठवून ठेवा त्या चालतात, पण पुडी भिजली की बदला. डिस्क उभ्या ठेवा. महिन्यातून एकदा प्रत्येक सेट अर्धा तास चालू करा. आणि सगळ्यातले सेल काढून ठेवा, आजच. माळ्यावर परत ठेवू नका, मे महिन्यात पत्र्याखालचा किंवा स्लॅबखालचा माळा भट्टी होतो, खालच्या कपाटाचा एक कप्पा मागून घ्या घरच्यांकडून.

शेवटचं काम म्हणजे वही, आणि हे पहिल्या वस्तूपासून करा. एक्सेल शीट केली तरी चालेल पण मी वहीच ठेवतो. वस्तू काय, कधी मिळाली, किती पैसे, चालू की बंद, काय दुरुस्त केलं, आणि मग ज्याच्याकडून घेतली त्याला विचारायचे चार प्रश्न: हा सेट कोणी आणला होता, कुठून, घरात किती वाजेपर्यंत खेळायला परवानगी होती, आणि सगळ्यात जास्त कोण खेळायचं. लोक आधी म्हणतात काही आठवत नाही. पाच मिनिटं थांबा. सातारा रोडवरच्या एका आजोबांनी मला असंच सांगितलं होतं, काही आठवत नाही, मग म्हणाले की मुलगा दहावीला होता तेव्हा त्यांनी रिमोट ऑफिसच्या बॅगेत घालून न्यायला सुरुवात केली, आणि निकाल लागला त्या दिवशी परत आणून दिला. रिमोटची वायर बॅगेच्या चेनमध्ये अडकून एका जागी चेपली होती, अजून तशीच आहे. वहीत लिहिलंय मी ते, सेट क्रमांक सात, उजवा रिमोट, वायर चेपलेली, चालू.